सगळेच नग बरोबर येतात तेव्हा

आई,

आपला इंटरनेटवरचा पेशंटांचा गट या महिनाअखेरीस बंद होतोय. आज सकाळी नाशिकच्या ताईंनी फोन करून सांगितलं. गट त्यांनीच सुरू केला, इतकी वर्षं त्याच चालवत होत्या, म्हणजे बातमी पक्की आहे. वेबसाइट सांभाळणं आता झेपत नाही, लोकही तिकडे फिरकत नाहीत, सगळे मोबाइलवरच्या ग्रुपांत गेले, असं म्हणाल्या. 'तुमच्या आईंचं काही असेल तर उतरवून घ्या हो. महिना संपला की सगळं पुसलं जाईल.' मी बरं म्हटलं. मग त्या म्हणाल्या, 'आणखी एक. अकोल्याच्या मास्तरीणबाईंची मुलगी तुमचा नंबर मागतेय. देऊ ना?'

नको म्हणता आलं असतं. मी द्या म्हटलं, आणि अर्ध्या तासात तिचा फोन आला. आवाज थेट तिच्या आईसारखा असेल असं मला उगाच वाटलं, कारण तिच्या आईचा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही. 'दादा, जयभीम. माझी आई तुमच्या आईले लय लिहायची म्हने. मी तवा तिचं करन्यातच होती, काही वाचलंच नाही. शेवटी शेवटी तिनं काय लिहिलं, तुमच्यापाशी असन तं द्या.' शनिवारी ती कामासाठी पुण्यात येतेय. रविवारी मोकळी आहे. मी तिला घरीच ये म्हणालो. फोन ठेवून जेवणाच्या टेबलाशी बसलो, तुझ्या खुर्चीसमोरच्या माझ्या खुर्चीत. तुझी खुर्ची अजून तिथेच आहे. मी एकटाच असलो तरी दोन्ही खुर्च्या पुसतो.

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. आयुष्यभर मी पेपरात दुसऱ्यांची कॉपी वेळेत लावली, पण तुला लिहायचं हे पत्र मात्र मागे पडत राहिलं, कारण त्याला वेळेची अट नव्हती. आता आहे.

सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्याचा लाकडी जिना मला अजून आठवतो. डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवून अंडाशयाचा कॅन्सर हे शब्द उच्चारले, सहा डोस लागतील म्हणाले, आणि आपण दोघं खाली आलो. मला वाटलं तू काहीतरी बोलशील. तू म्हणालीस, 'स्कूटर कुठं लावलीयस? समतारखेच्या पार्किंगचा बोर्ड होता बघ, उचलून नेतील.' मी बोर्ड पाहिलाच नव्हता. तू पाहिला होतास. बाबा गेल्यावर त्यांच्या जागी तुला खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत घेतलं आणि तपासणीच्या सेक्शनला बसवलं, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत तुझ्या हातात गेज होता. पितळेचा छोटा भाग उचलायचा, गेजची एक बाजू त्यात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. बरोबर, नापास. तिसरी पेटी नाही. घरातही तिसरी पेटी नव्हती. माझा पहिला लेख छापून आला तेव्हा तू तो दोनदा वाचलास आणि म्हणालीस, 'दुसरा परिच्छेद कशाला आहे?'

पहिल्या डोसानंतर तुझ्या तोंडाची चव गेली. भात धातूसारखा लागतो म्हणालीस. डेस्कवर माझ्यापाशी पुणे शहरातल्या कुठल्याही गोष्टीची खात्री करून घ्यायला कोणी ना कोणी माणूस असायचा, पाण्यासाठी एक, पोलिसांसाठी एक, निवडणुकीसाठी चार. आईला भात धातूसारखा लागतो, हे विचारायला एकही नव्हता. खडकीच्या क्वार्टर्समधल्या ओळखीच्या बायका फोन करून हिंमत ठेव म्हणायच्या आणि रडायच्या. ऑफिसातले पाठीवर हात ठेवायचे आणि पान छपाईला सोडायची वेळ सांगायचे. असाच शोधत असताना तो गट सापडला, मराठीतून लिहिणारे पेशंट आणि त्यांचे घरचे. मी माझा पहिला प्रश्न टाइप केला आणि तुला वाचून दाखवला, आईच्या तोंडाला लोखंडासारखी चव येते, काय करावं. तू डोळे मिटूनच म्हणालीस, 'लोखंड नाही. पितळ. चुकीचं लिहिलंस तर उत्तर बरोबर कसं येईल?' मी पितळ केलं. तासाभरात पाच उत्तरं आली. त्यातलं एक अकोल्याहून होतं. 'ताई, इस्टीलचा चमचा फेकून द्या अन् लाकडाच्यानं खा. मलेबी आधी असंच होये. डॉक्टर म्हनते हिंमत ठेवा. कुठी ठेवू, फ्रीजात?'

तू हसलीस. निदान झाल्यापासून पहिल्यांदा. मग विचारलंस, 'कोण आहे रे ही?' जणू ती दारात उभी आहे आणि मी आत निरोप घेऊन आलोय.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण होती. तुझाच आजार, तेच औषध, फक्त तुझ्यापुढे दोन डोस. शिवाय तुझं माहेर वऱ्हाडातलं. पन्नास वर्षं पुण्यात राहून तुझी भाषा खडकीची झाली होती, पण तिचा निरोप वाचला की तू वाक्य मध्येच तोडून 'काहून' म्हणायचीस. मी मंडईतून सहा लाकडी चमचे आणले. तू त्यातले दोन परत द्यायला लावलेस, कड खरखरीत होती म्हणून.

मग आपला तो नेम सुरू झाला. माझी ड्यूटी दुपारी तीनची, त्यामुळे सकाळ आपली. नऊ वाजता तू टेबलाशी येऊन बसायचीस, डोक्याला पांढरा रुमाल, समोर पेजेची वाटी, आणि म्हणायचीस, 'हं, बातम्या लाव.' औषधानं तुझ्या डोळ्यांना सारखं पाणी यायचं, पडद्यावरची अक्षरं हलतात म्हणायचीस, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मी लॅपटॉप उघडून गटावरचे निरोप वाचायचो आणि तू एक एक चमचा खायचीस. कोणाचे केस परत आले, कोणाला ताप आला, कोणाची सून चांगली, कोणाची वाईट. तू सगळ्यांवर शेरे मारायचीस. पण कान असायचे एकाच नावाकडे. 'मास्तरीण काय म्हणते?' तिला चौथ्यानंतर पाय जड झाले म्हटल्यावर तू तुझ्या चौथ्याआधी पायाखाली उशी तयार ठेवलीस. ती नर्सशी भांडली की तुला दिवसभर बरं वाटायचं. तू तिला तुझा गेज केलं होतंस. तिच्यात जे गेलं ते तुझ्यात जाणार.

आणि मी, आई, वाचता वाचता कॉपी सुधारत होतो. सुरुवातीला सवयीनंच. एखाद्याचं रडणं लांबलं की दोन ओळी गाळायच्या. एखादा गेला अशी बातमी असली की पुढच्या निरोपावर जायचं. डेस्कवर आम्ही हेच करतो, जागा कमी असली की शेवटचा परिच्छेद उडवतो. तुझ्या वाटीत पेज थोडी उरलेली असायची, आणि ती संपेपर्यंत बातम्या पुरल्या पाहिजेत एवढंच माझं गणित होतं.

तुझा चौथा डोस झाला त्या आठवड्यात तिचा सहावा झाल्याचा निरोप आला. मी तो तुला वाचून दाखवला: 'ताई, सहा झाले. पोरीनं पेढे वाटले. जयभीम.' तू चमचा खाली ठेवलास. 'झाले? बघ. झाले तिचे.' मग म्हणालीस, 'ती म्हातारी सहा घेऊन बसली, मला काय धाड भरलीय.' तोवर रोज म्हणत होतीस की पाचवा नको, पुरे झालं. त्या दिवशी म्हणालीस, 'तारीख घेऊन टाक पाचव्याची.'

पेढे आणि जयभीम यांच्यामध्ये आणखी काही होतं. मी ते वाचलं नाही.

पुढे पंधरा-सोळा दिवसांनी, तुझ्या पाचव्याच्या आदल्या सकाळी, तू अंघोळीला गेली होतीस आणि मी लॅपटॉप उघडला. तिच्या खात्यावरून तिच्या मुलीनं दोनच ओळी लिहिल्या होत्या. आई काल गेली, सगळ्यांनी तिला साथ दिली त्याबद्दल आभारी आहे. न्हाणीघरात बादलीचा आवाज थांबला. मला ठाऊक होतं, हे वाचलं तर उद्या तू जाणार नाहीस. तू बाहेर आलीस, रुमाल बांधलास, बसलीस आणि म्हणालीस, 'मास्तरीण काय म्हणते?' मी पडद्याकडे बघत म्हणालो, 'म्हणते, आज अर्धी भाकर खाल्ली. अंगणात दोन चकरा मारल्या.'

इतकं सोपं होतं ते. पंचवीस वर्षं मी कोणाच्याही तोंडचं दहा मिनिटांत लिहून देत आलो होतो. दुसऱ्या दिवशी तू पाचवा घेतलास.

त्यानंतर महिनाभर अकोल्याची मास्तरीण मी चालवली. आधी तोंडानं, मग गोंधळ नको म्हणून फाइलमध्ये लिहून ठेवून. तिला भूक लागू लागली. तिच्या दारातल्या लिंबाला फुलं आली. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, शेजारीण भाजी घेऊन आली, लेक हसली. गटावर मी एकही खोटा शब्द टाकला नाही, हे मी स्वतःला बजावत होतो. खोटं फक्त आपल्या टेबलावर होतं. ऑफिसला जाताना सिंहगड रस्त्यावर सिग्नलला उभा राहून मी उद्याचा निरोप जुळवायचो. मला तिची इतकी सवय झाली की ती गेलीय हे मधूनच आठवायचं आणि मग दिवसभर कोणाशी बोलावंसं वाटायचं नाही. बोलणार तरी कोणाशी? गटावर सगळे तिच्यासाठी लिहून मोकळे झाले होते. मी एकटाच होतो ज्यानं तिला जाऊ दिलं नव्हतं, त्यामुळे मला रडताही येत नव्हतं.

मग ती सकाळ. तू अर्धी वाटी संपवून हात थांबवलास आणि म्हणालीस, 'आमच्या सेक्शनला एकदा गंमत झाली.' फॅक्टरीतलं तू बाहेर बोलायची नाहीस, म्हणून मी वर पाहिलं. 'सकाळपासून एकही नग नापास नाही. सगळे बरोबर. नव्या पोरी खूश, सुपरवायझर खूश. मी म्हटलं, थांबवा. सगळेच नग बरोबर यायला लागले की नगाकडं नाही बघायचं, गेज तपासायला पाठवायचा.'

'मग?'

'मग काय. टोक झिजलेलं गेजचं. कशातही जात होतं.' तू वाटीत चमचा फिरवलास. 'तुझी मास्तरीण आताशा कोणाशी भांडत नाही.'

'बरी होतेय ना.'

'हो,' तू म्हणालीस. 'बरी होत असेल. ते लिंबाचं लोणचं काढ जरा.'

दुसऱ्या दिवसापासून तू तिला उत्तरं सांगायला लागलीस. आधी तुझं उत्तर एका वाक्याचं असायचं, 'तिला म्हणावं, बरं.' आता तू खुर्ची माझ्याकडे वळवून, सावकाश, मला टाइप करायला वेळ देत सांगायचीस. 'लिही. तुझी लेक सकाळी ओट्याशी उभ्यानं खाते असं वाटतं मला. तिला म्हणावं ताट घेऊन बस. माणूस नसलं समोर तरी बसून जेवावं.' मी लिहीत होतो. ओट्याशी उभ्यानं मी खायचो, ड्यूटीला जाण्याआधी, तुझ्याकडे पाठ करून. 'लिही. तुझ्या मागं तिला कोण आहे? कोणी नसेल तर तिनं माणसं जोडायला शिकावं. नुसतं काम काम करणाऱ्याला लोक कामापुरतंच विचारतात.' 'लिही. माझ्या कपाटातल्या चांगल्या साड्या दुसऱ्यांना द्यायला सांग, जपून ठेवायच्या नाहीत.' मी एकदा म्हणालो, 'आई, साड्या तुझ्या की तिच्या?' तू म्हणालीस, 'तू लिही रे. संपादन नंतर कर.'

असे अकरा निरोप आहेत. पाठवायला पलीकडे कोणी नव्हतं, म्हणून एकही गेला नाही.

बारावा तू सहाव्याच्या चार दिवस आधी सांगितलास. तुझे पाय सुजले होते, बोलताना मध्ये थांबावं लागत होतं. 'लिही. पाचवा मला नको होता. घेतला. आता सहावा घेणार नाही. अंगात घ्यायला जागा नाही राहिली. राग मानू नको.' मी शेवटचा शब्द टाइप केला. डॉक्टर म्हणाले होते, पूर्ण केलेलं बरं, पण पेशंटची ताकद बघून तुम्ही ठरवा. ठरव असं तू मला म्हणत नव्हतीस, तू ठरवून सांगत होतीस. त्याला उत्तर द्यायचं तर माझ्या तोंडानं द्यायला हवं होतं. आई, घे ना, मला भीती वाटते, एवढंच. ते मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी मास्तरणीचं उत्तर वाचलं. 'ताई, एकच तं राह्यला. म्या घेतला, तुम्हीबी घ्या. माझ्यासाठी घ्या.'

तू माझ्याकडे पाहिलंस. पडद्याकडे नाही, माझ्याकडे. मग म्हणालीस, 'बरं. तिला लिही, तिच्यासाठी घेते.'

त्यानंतरचे आठवडे तू हॉस्पिटलच्या पलंगावर काढलेस, हाताला सुया, तोंडात फोड, लाकडी चमचाही सोसत नव्हता. डोसामुळे गेलीस असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आजार पसरलाच होता म्हणाले. माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही. पण ते दिवस धायरीच्या आपल्या या घरात, तुझ्या खुर्चीत, पेजेच्या वाटीसमोर गेले असते. ते मी घेतले.

आज दुपारी गट बंद होण्याआधी मी मास्तरणीचे सगळे निरोप उतरवून घेतले. शेवटचा पुन्हा वाचला. आता तुला पूर्ण वाचून दाखवतो. 'ताई, सहा झाले. पोरीनं पेढे वाटले. पन तुमच्यासंगं खोटं काहून बोलू, या सहाव्यानं मले पार आडवं केलं. पाचव्यावरच थांबली असती तं बरं झालं असतं असं वाटते. तुमचं तुम्ही ठरवा. पोराच्या तोंडाकडे पाहून ठरवू नका. जयभीम.' एवढंच होतं मध्ये. चार वाक्यं. तुझ्या नावानं आलेलं टपाल मी फोडलं, वाचलं आणि तुला अर्धं दिलं.

टेबलावर दोन पाकिटं ठेवली आहेत. एकात तिच्या आईचं खरं लिखाण आहे. दुसऱ्यात मी रचलेली मास्तरीण आणि तू सांगितलेले बारा निरोप. दुसरं पाकीट आहे हे तिला माहीत नाही, आणि मी गप्प राहिलो तर कधी कळणारही नाही. मी तिला सांगणार आहे. तिच्या आईच्या तोंडी मी महिनाभर शब्द घातले, ती गेल्यावर. ऐकून ती उठून गेली तर तिचा तो हक्क आहे. बसली, तर तुझे निरोप तिला वाचून दाखवीन, कारण पत्ता तिच्या आईचा असला तरी त्यातलं निम्मं कुठल्याही मागं राहिलेल्या लेकीला चालण्यासारखं आहे. साड्या मी दिल्या, आई, उशिरा, पण दिल्या. माणसं जोडणं जमलं नाही.

हे पत्रही त्याच फाइलमध्ये ठेवतोय, तुझ्या न गेलेल्या निरोपांच्या खाली. एक गोष्ट त्या मुलीला सांगणार नाही, ती तुझी आहे. तू गेजची गंमत सांगितलीस आणि लोणचं काढ म्हणालीस, तेव्हा मी उठून कपाटापाशी गेलो. बरणी समोरच होती. ती शोधण्यात मी जितका वेळ घालवला तितका लागत नाही. मला तेव्हाच कळलं होतं. तुला कळलंय, हे मला कळलं होतं, आणि तरी मी तिच्या तोंडून तुझ्याकडे सहावा मागितला.

ती रविवारी अकरा वाजता येईल. धायरी फाट्यावर उतरले की फोन करते, म्हणालीय. मी दोन ताटं काढून ठेवली आहेत.